शेपटीखालच्या खपल्या

वाळूजच्या कंपनीत माझं काम चुका शोधायचं. पट्ट्यावरून येणारा माल हातात घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि ज्याच्यावर विश्वास बसत नाही तो बाजूला काढायचा. अठरा वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन तरी कसं बदलणार? नवरा म्हणतो, तुला देवानं प्रसाद दिला तरी तू आधी वास घेशील. घेईन. त्यात काय!

माहेरच्या बैलजोडीकडंही मी पहिल्यापासून संशयानंच बघत आले. माहेर करमाडच्या पुढं, फाट्यापासून आत. शंकरपटावरची बंदी उठली आणि दारात ट्रॅक्टर असताना धाकट्या भावानं केवळ शर्यतीसाठी, वडिलांच्या नावावर, दोन खिल्लार बैल आणले. चैत्रात जत्रेचा पट होता, तो बघायला मी मुद्दाम गेले. नियमाप्रमाणं काठी नाही, चाबूक नाही, टोचायची पराणी नाही. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, वर कॅमेरा. कागदोपत्री सगळं झकास. बैल मात्र डोळे पांढरे करून पळत होते. हौसेनं पळणाऱ्या जनावराचे डोळे असे होतात, हे मला कुणीतरी पटवून द्यावं.

आमची जोडी पाचवी आली. गाडी हाकणारा धुरकरी शेजारच्या गावचा, अबोल माणूस, बोटात जाड अंगठी. जोडी थांबली तेव्हा त्याचा हात डाव्या बैलाच्या शेपटीपाशी दिसला. मी भावाला बाजूला घेतलं.

"त्याच्या अंगठीकडं बघ. तो टोचतोय."

"बघतो, ताई," भाऊ म्हणाला आणि आठ दिवसांत त्या माणसाला काढूनही टाकलं.

त्यानंच मला चैन पडेना. माल परत पाठवल्यावर जो पुरवठादार भांडत नाही, त्याच्याकडं आणखी काहीतरी दडलेलं असतं. माझा भाऊ भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तरी वाद घालणारा. तो इतक्या मुकाट्यानं ऐकतो? पण त्याच सुमारास आबांचं, म्हणजे वडिलांचं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आधी एक गुडघा, मग दुसरा. दवाखान्याच्या धावपळीत मी विषय सोडून दिला. आबांची खाट मागच्या खोलीत, गोठ्याच्या भिंतीला लागून टाकली होती. चार महिने त्यांना गोठ्याच्या पायऱ्या उतरता आल्या नाहीत, आणि बैलांचं सगळं भावाच्या हातात गेलं.

दर रविवारी मी गोठ्यात डोकावायची. बैल धुतलेले, तकतकीत. दावणीत ढेप. बोट ठेवायला जागा नाही. इतकं चकाचक मला कधीच आवडत नाही. दसऱ्यानंतर मोठा पट होता आणि ही जोडी तिथं जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं. पण हातात पुरावा काय? नुसत्या संशयावर भावाशी वैर घेऊन माहेर तोडायची माझी हिंमत नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्याकडं हे काम पुरुषांचं. त्या वर्षी वाटी मी उचलली.

"अवो ताई, तुमी कशाला? साडीला डाग पडतील," भावजय म्हणाली.

"करू दे," भाऊ म्हणाला. "पन ताई, खांद्यालाच चोळायचं बरं का. मागं जाऊ नको, लाथ मारंल."

मागं जाऊ नको म्हटलं की मी मागंच जाणार, हे त्याला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

डाव्या बैलाच्या खांद्यावरून मी हात पाठीकडं सरकवत नेला. शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, जिथं शेपूट उचलल्याशिवाय कुणाला काही दिसणार नाही, तिथं बोटांना खपल्या लागल्या. एका रांगेत. शेवटची ओली होती आणि हळदीत लाल मिसळलं.

"गोचीड चावलेत," भाऊ म्हणाला.

"गोचीड रांगेत बसतात व्हय? अन् धुरकरी जाऊन चार महिने झाले. हे तर आजचं हाय."

तो काही बोलणार तेवढ्यात आबा वॉकर धरून पायऱ्यांवर आले. आम्ही नको नको म्हणत असताना उतरलेसुद्धा. नवं धोतर नेसले होते. "आवतण मी देणार," म्हणाले. बैलांजवळ जाताना त्यांनी जीभ टाळूला लावून ‘ट्टक ट्टक’ केलं. ही त्यांची जन्माची सवय. वैरण टाकताना, पाणी दाखवताना ते असंच बोलवायचे आणि दारातला प्रत्येक बैल मान वळवून त्यांचा हात चाटायचा.

डावा बैल ताठ झाला. शेपूट पोटाखाली ओढून घेतली, उभ्या उभ्या मुतला आणि पुढं उसळला. वेसण रुतून नाकातून रक्त आलं. उजवा भिंतीला चिकटून थरथरत राहिला. वॉकर आडवा झाला. आबांना मी कसंबसं धरलं.

"आरं, मी हाय," आबा त्याला सांगत होते. "मी हाय की, राजा."

मग भावाला बोलावंच लागलं. मैदानात काठी चालत नाही. म्हणून रोज सकाळी गोठ्यातच जीभ वाजवायची आणि त्याच क्षणी दाभण टोचायचं. महिनाभरात बैल नुसत्या आवाजावर जीव घेऊन पळतो. अधूनमधून आठवण द्यावी लागते, एवढंच.

"लई जण करतात, ताई. मैदानात कुणी हात तरी लावतंय का? नियम कुठं मोडला?"

"अन् तो धुरकरी?"

"त्याला पाडव्यालाच टोचायला सांगितलं व्हतं. नाय म्हनला. तू बघितलंस तवा तो बैलावरनं नुसता हात फिरवत व्हता. तू बोललीस, मला निमित्त मिळालं."

हातातली वाटी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण त्या गोठ्यातला एकमेव भला माणूस मीच हाकलून लावला होता, तेव्हा मी कुठल्या तोंडानं फेकणार? लाज वाटली, अजून वाटते.

"जोडी माज्या नावावर हाय. पळायची नाय," आबा म्हणाले आणि आवतण न देताच खोलीकडं वळले. बैल पटाला गेले नाहीत.

पण माझा स्वभाव. पोळ्याच्या सकाळी आबांच्या खाटेपाशी बसले आणि त्यांच्यावरही संशय आला. भिंतीपलीकडं रोज हे चालायचं आणि त्यांना पत्ताच नव्हता? शेवटी विचारलं.

"आबा, तुम्हाला कधी काही ऐकू आलं नाही?"

"यायचं की," आबा म्हणाले. "रोज सकाळी यायचं. अन् बैलांची खुरं वाजायची. मला वाटायचं, पोरगं माज्यावानी लाडानं बोलवतंय, अन् बैल खुशीत नाचत्यात. पडल्या पडल्या लई बरं वाटायचं, बाई."