पाव फेरीच्या निम्मं

दुबईत रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये छोट्या डर्ट बाइक्स माझ्याकडे असायच्या. वाळवंटातल्या कॅम्पवर पर्यटकांना भाड्याने देतात त्या. त्यांच्या हँडलला क्लचची मूठ नसते. पायाने गिअर टाकायचा, क्लच आपोआप सुटतो आणि आपोआप धरतो. ज्याने जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नाही त्यालाही जमावं म्हणून केलेली सोय. सोय त्यांची, वैताग आमचा.

इंजिनाच्या उजव्या अंगाला या क्लचचा एक स्क्रू असतो, त्यावर नट. नट ढिला करायचा, स्क्रू हळूहळू फिरवत आणायचा, जिथे तो किंचित अडल्यासारखा वाटेल तिथे थांबायचं आणि तिथून पाव फेरीच्या निम्मं मागे घेऊन नट आवळायचा. हे चुकलं तर गिअर टाकताना क्लच नीट सुटत नाही आणि गाडी झटका देऊन पुढे उडी मारते. ते 'अडल्यासारखं' कुठल्या मीटरवर दिसत नाही. बोटांना कळतं. माझ्या बोटांना एकोणीस वर्षं कळत होतं आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

मग रक्तात साखर निघाली. दवाखान्यात गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. मी गोळ्या घेतल्या, पथ्य नाही. दोन वर्षांत बोटांची टोकं बधिर झाली. आधी वाटलं थंडीमुळे असेल. दुबईत थंडी! माणूस स्वतःला काय काय पटवतो.

खोलीत आम्ही चौघं. त्यातला एक माझ्या शेजारच्या तालुक्यातला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कॅम्पवर कामाला. सहा वर्षं आम्ही एका स्टोव्हवर जेवलो. एकदा तव्यावरची चपाती उलटताना माझी दोन बोटं तव्यालाच टेकून राहिली. मला पत्ताच नाही. वास आला तेव्हा त्याने माझा हात ओढला.

"भाऊ, तुम्हाला कळलं नाही?"

"कामाची कातडी आहे रे, जाड झालीय."

त्याने बोटांवर टूथपेस्ट लावली. त्या आठवड्यात चपात्या तोच भाजत होता.

वर्कशॉपमध्ये मी कोणाला काही सांगितलं नाही. फोरमनला कळलं असतं तर मेकॅनिक म्हणून माझं खलास होतं, आणि दुसरं मला काही येत नाही. म्हणून युक्ती काढली. ज्या गाड्या पूर्वी शाबूत बोटांनी सेट केल्या होत्या, त्यांच्या स्क्रूवर आणि कव्हरवर पांढऱ्या पेंटची एकेक रेघ ओढली. आता बोटांना विचारायची गरज नाही, दोन रेघा जुळल्या की झालं. हुशारीच म्हणायची. फक्त एक गोष्ट मी मुद्दाम विसरलो. क्लचच्या प्लेटी झिजतात. झिजल्या की अडण्याची जागा सरकते, आणि पेंटची रेघ जागच्या जागी राहते. हे पहिल्या वर्षाच्या हेल्परलाही माहीत असतं.

कॅम्पवर त्यांची एक पद्धत होती. नवखं गिऱ्हाईक बसलं की तिथला एक कामगार गाडीसमोर उभा राहायचा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायचा, हँडल हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "नाउ प्रेस गिअर." गिऱ्हाइकाला धीर यायचा. नियम बाजूला उभं राहण्याचा होता, पण बाजूला उभं राहून गाडी पडली की बोलणी खावी लागत, म्हणून सगळे समोरच उभे राहत. मॅनेजर रोज बघायचा, काही म्हणायचा नाही.

जानेवारीतला शनिवार होता, सकाळची थंड इंजिनं, चोक ओढलेला. सुट्या भागांची पेटी घेऊन मीही कॅम्पवर गेलो होतो. एका जाडजूड गिऱ्हाइकाने गिअर दाबला आणि गाडीने उडी मारली. घाबरून त्याने थ्रॉटलही पिळला. समोर चाक धरून माझा खोलीतला तोच सोबती उभा होता; चाक त्याच्या उजव्या गुडघ्यावर चढलं. तो ओरडला नाही, नुसता 'आई' म्हणाला आणि वाळूत बसला. पाय भलतीकडेच वळला होता.

त्याला हॉस्पिटलला घेऊन कॅम्पची जीप गेली. सगळे त्या धांदलीत असताना मी काय केलं? मी बाइक शेडमागे नेली. रेघा बरोबर जुळलेल्या होत्या. नट सोडला, स्क्रूड्रायव्हर तळहातात घट्ट दाबून, मनगटाने अंदाज घेत घेत खरी अडण्याची जागा शोधली. अर्ध्या फेरीचा फरक होता. सेट केलं, नट आवळला आणि दोन्ही रेघा थिनरने पुसून टाकल्या. हात कापत नव्हते. त्याचीच मला आजही लाज वाटते.

वर्कशॉपमधून फोरमन आला. "गाडी चेक किया?"

"किया. ओके है."

त्याने स्वतः गिअर टाकून पाहिला. गाडी जागची हलली नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की नियम सोडून समोर उभा राहिला, चूक कामगाराची. दोन ऑपरेशनं झाली. गुडघा वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मग व्हिसा कॅन्सल.

निघायच्या दिवशी दुपारी खोलीत मी त्याची बॅग भरत होतो. चेनची ती बारीक टिकली माझ्या बोटांत येईना. दोनदा, तीनदा निसटली. तो खाटेवर पाय लांब करून बघत होता.

"राहू द्या भाऊ, मी लावतो," म्हणाला. त्याने चेन लावली. मग माझ्याकडे न बघता बोलला, "स्क्रू तुम्ही डोळ्यांनी फिरवता, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. वर्कशॉपला गाड्या आणायला यायचो तेव्हा बघायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाजवळ बोलू? फोरमनजवळ? तुम्हाला लगेच घरी पाठवलं असतं."

"मला बोलायचंस."

"चपातीच्या वेळी बोललो होतो की."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी त्याला खांद्याचा आधार देऊन जिना उतरवला. खरं सांगायला एअरपोर्टपर्यंतचा सगळा रस्ता हातात होता. फोरमनचा नंबर फोनमध्ये होता. मी 'पासपोर्ट घेतलास का, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत' असलंच बोलत राहिलो. एअरपोर्टवर व्हीलचेअरमध्ये बसल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं दाबली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं म्हणून मला कळलं की तो जोरात दाबतोय.

मी अजून तिथेच आहे. स्क्रू आता तळहाताने आणि मनगटाने सेट करतो, वेळ तिप्पट लागतो, फोरमन 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करतो. गाडी कॅम्पवर पाठवण्याआधी मी तिच्यासमोर उभा राहतो, पुढचं चाक माझ्या गुडघ्यांत धरतो आणि वर्कशॉपमधल्या कोणाला तरी गिअर दाबायला सांगतो. सगळे हसतात, म्हातारा वेडा झालाय म्हणतात. अजून एकाही गाडीने उडी मारलेली नाही. कधी कधी वाटतं, मारावी.