परत येतं ते भौतिक

किस्से साठवायचे म्हणून कोणी शिकवायला जात नाही. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या दुपारच्या वर्गात ते आपोआप साठत गेले. शाळा अर्धवट सुटलेल्या सहा बायका दहावीला बसल्या होत्या आणि मी, रिटायर झालेला मास्तर, त्यांना सायन्स शिकवत होतो. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातलंच सामान आणायला सांगितलं. तिथंच फसलो. त्या सामानातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

*

पहिल्या दिवशी मी सोपा नियम दिला. "पदार्थ परत पहिल्यासारखा झाला, तर बदल भौतिक. नाही झाला, तर रासायनिक." साखर पाण्यात विरघळवून दाखवली. म्हटलं, "पाणी आटवलं की साखर परत मिळते."

दुसऱ्या दिवशी शबाना पातेलं घेऊनच आली. तळाला काळा थर.

"आटवलं सर. तुमची साखर काही परत आली नाही."

"गॅस मोठा ठेवलात. साखर जळली. हा रासायनिक बदल."

"म्हणजे गॅस बारीक असला तर भौतिक, मोठा असला तर रासायनिक. हे पुस्तकात का नाही लिहिलं?"

मी तिला ते वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

*

महादेवीताई कडक भाकरी करून विकायच्या. भाकरी भाजणं रासायनिक, हे त्यांना लगेच पटलं. "पण वाळवणं?"

"ते भौतिक. नुसतं पाणी जातं."

"मग पाणी लावल्यावर परत ताजी व्हायला पायजे की."

"मऊ होते ना?"

"मऊ होती. ताजी न्हाय होत. लई फरक हाय सर."

त्या दिवशी मी वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला.

*

दिवाळीनंतर महादेवीताई यायच्या बंद झाल्या. घरात काहीतरी बिनसलं होतं. त्या टेंभुर्णीला बहिणीकडं निघून गेल्यात, असं शबानाकडून कळलं. दोन महिन्यांनी नवरा जाऊन घेऊन आला. त्या वर्गात आल्या, आपल्या जागेवर बसल्या. हळदीचा प्रयोग तेवढा त्यांचा बुडाला होता.

प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकी हळदच काढली. मी दारात उभा होतो. सरांनी हळदीच्या पाण्यात साबणाचं पाणी ओतलं, ते लाल झालं. मग लिंबू पिळलं, परत पिवळं झालं.

"कुठला बदल?"

बदल रासायनिक होता, पण रंग तर परत आला होता. मी शिकवलेल्या नियमानं उत्तर चुकणार होतं.

"रासायनिक," महादेवीताई म्हणाल्या.

"कसं काय? पहिल्यासारखं झालं की."

ताईंनी ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"दिसतंय पिवळं, सर. पण आता त्यात साबण बी हाय, आन लिंबू बी हाय."