मिटल्या डोळ्यांचा रंगारी बोळ

साबेरा रंगारी बोळात तीस वर्षं कांड्या भरत होती. मागाच्या धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळायचं, दिवसभर चाक फिरवायचं. बोळात चादरींचे अकरा कारखाने होते. त्यांच्या खडखडाटातच तिचा संसार झाला, मुली सासरी गेल्या, नवरा वारला. मग एकेक कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. त्या जागी उंच इमारती आल्या, खाली काचेची कॉफीची दुकानं आली. भाडी वाढली तशी जुनी माणसं पांगली. साबेराही शहराबाहेर एका खोलीत राहायला गेली. तिथली शांतता तिच्या अंगावर यायची.

बोळात पाडायच्या राहिलेल्या एकुलत्या बंद कारखान्यात शिवलीलाबाई या निवृत्त शिक्षिकेनं वस्तीचं संग्रहालय सुरू केलं होतं. रविवारी जुने रहिवासी जमत, फोटो आणि दारावरच्या पाट्या आणून देत. कुणाचं घर कुठं होतं, कधी पाडलं, माणसं कुठं गेली, ते भिंतीभर पसरलेल्या नकाशावर लिहिलं जाई. साबेरा आली ती रिकाम्या हातांनी. आपल्याकडं एकही फोटो नाही म्हणून ती दारातच घुटमळली.

"फोटो राहू द्या, खाला. बोळ आठवतो का?" बाईंनी विचारलं.

"डोळे मिटले की ऐकू येतो," साबेरा म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी बाईंच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून ती बोळातून चालली. बाईंनी मोबाईलवर तिचा आवाज टिपायला सुरुवात केली. ती सांगत गेली, हा गुरुशांतचा माग, त्याचा खडखडाट लंगडत यायचा. पुढं रंगाची भट्टी, मग शेजारीण बसम्माचं दार. पावलांना उतार ठाऊक होता. उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगतायत, पापण्यांवर बसतायत, असं तिला वाटत होतं. ती सावकाश, जणू पाण्यातून चालावं तशी चालत राहिली आणि एका इमारतीच्या फाटकाला तिचा हात लागला.

वॉचमननं अडवलं. तेवढ्यात तिथंच राहणारी प्रियदर्शनी फिरून परतली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोघींना आत नेलं. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे साबेरा खाली बसली.

"हितं मी बसायची. खिडकी उजवीकडं."

तिचा हात आपोआप फिरू लागला. नसलेलं चाक फिरत होतं, नसलेलं सूत बोटांतून सरकत होतं. प्रियदर्शनी तिच्याशेजारी फरशीवर टेकली.

"घर घेताना मला सांगितलं होतं, इथं मोकळी जागा होती," ती हळू आवाजात म्हणाली.

"मोकळी कदीच नव्हती, बेटा."

ते रेकॉर्डिंग संग्रहालयात लागलं. ते ऐकायला बसम्मा मंद्रूपहून आली आणि आपलं दार भट्टीच्या अलीकडं होतं म्हणून हटून बसली. साबेरा ऐकेना. शेवटी बाईंनी दोघींचंही म्हणणं नोंदवलं. ते पाहून इतरांनाही कंठ फुटला. दिवाळीपर्यंत नकाशावर बेचाळीस घरं भरली. आपल्या इमारतीच्या जागी साबेराच्या नावाखाली प्रियदर्शनीनं आपलंही नाव लिहिलं.

आता साबेरा दर रविवारी बसनं येते. नव्या इमारतींतली माणसं डोळे मिटून तिच्यामागं चालतात. भट्टीजवळ मात्र ती थांबते, कारण बसम्माशी तिचा वाद अजून मिटलेला नाही.