फरदडीची खाज

"हा इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर आहे," अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण मॅडम, मले गाठ तं नाही!" मी म्हणाले. जणू हे ऐकून त्या रिपोर्ट मागे घेणार होत्या.

हा क्वचित होणारा प्रकार. यात बहुतेकदा हाताला गाठ लागतच नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक नळ्या बुजवतात, म्हणून छाती लाल होते, सुजते, गरम लागते, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. आणि तो फार वेगानं पसरतो. मला तेवढंच ऐकू आलं.

आमच्या खामगावकडे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवतात. ती फरदड. तिचा कापूस वेचताना बायांच्या अंगाला खाज सुटते, मान-छाती लाल होते. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ केली की जाते. माझी छाती लाल झाली, खाजू लागली, तेव्हा मलाही तेच वाटलं. गावच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं.

मोठ्या जाऊबाई माझ्या शेजारच्याच तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वेचायच्या. एकदा न्हाणीत माझी पाठ चोळता चोळता त्या थांबल्या.

"अव सुमन, माही खाज तं कवाच गेली. तुही काऊन नाही गेली? अन् एकाच बाजूले कशी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अकोल्याला ओढतच नेलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, मग बायोप्सी, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणं. रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला नुसत्या शिव्या घातल्या.

आधी केमो, मग ऑपरेशन. सूज उतरली तरच छाती काढता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. म्हणून मी छाती काढता यावी असा नवस बोलले. काय पाळी आली होती! केस गेले. पाणीसुद्धा कडू लागायचं. आरशात लाली कधी उतरल्यासारखी वाटायची, दुपारी पाहावं तर तशीच.

"बाई, मी नाही वाचत," मी वेटिंग रूममध्ये रडायचे.

"वाचत नाही म्हणे! मंग कापूस का मी एकटीच येचू?" जाऊबाई खेकसायच्या आणि नळावर तोंड धुवायला जायच्या. लाल झालेले डोळे घेऊन परत यायच्या.

शेवटी सूज उतरली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. बरी झालीस, असं मात्र अजून कुणी म्हणालेलं नाही. तपासणी जवळ आली की भीतीनं परत परत आरशात पाहते. जाऊबाईंनी तेव्हा विचारलं नसतं तर ही भीती वाटायलाही मी उरले नसते.

यंदा वेचणं जमत नाही, म्हणून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते. संध्याकाळी बाया कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून मान खाजवायला लागल्या की एकेकीला विचारते.

"काकू, सगळ्याइलेच सुटते खाज," नवी सून हसते.

"हाव माय. पण दोन्हीकडं का एकाच बाजूले? अन् किती दिसाची?"

दोन्हीकडे असली आणि चार दिवसांत गेली, तर कापसाची. राहिली, किंवा एकीकडेच असली, तर दवाखाना. गडीमाणसं ऐकतात, माना वळवतात. मी आणखी मोठ्यानं विचारते. लाजायला मला आता सवड नाही.