शहाण्या लेकीचा बाप

बायको गेली तेव्हा मुलगी तिसरीत होती. मी भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर. घरी आम्ही तिघंच. बायकोला ताप आला, चार दिवसांत तो डोक्यात गेला आणि तिला दवाखान्यात दाखल करायची वेळ आली. मुलगी आईचा हात सोडेना. रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी मी तिला उचललं आणि पडघ्याला तिच्या मावशीकडे नेऊन सोडलं. निघताना ती पुन्हा माझ्या पायाला बिलगली. मी वैतागलो होतो, दोन रात्री झोपलो नव्हतो. मावशीदेखत मी तिला म्हणालो, "तुझ्या या कटकटीनंच आई बरी होत नाहीये. गप्प राहशील तर बरी होईल."

तिसऱ्या दिवशी बायको गेली. मुलीला आणायचं का, असं मेव्हणीनं फोनवर विचारलं होतं. मी नको म्हणालो. लहान आहे, तिला काय कळतंय, असं सगळेच म्हणत होते आणि मला ते सोयीचं होतं. दहावं झाल्यावर तिला घरी आणलं. तोवर मावशीनंच तिला सांगितलं होतं. मी काहीच बोललो नाही, तिनंही विचारलं नाही.

त्यानंतर मुलगी एकदम बदलली. रडणं नाही, हट्ट नाही. स्टीलचा पेलासुद्धा असा ठेवायची की आवाज येऊ नये. शेजारपाजारचे म्हणायचे, केवढी समजूतदार पोर आहे. मी गोदामातही कौतुकानं सांगायचो, आमची लेक एका दिवसात मोठी झाली. आज हे लिहितानाही मान खाली जाते.

वर्षभरानं तिच्या वर्गाच्या मॅडमनी मला शाळेत बोलावून घेतलं. त्या भिवंडीतल्याच, जुन्या मुसलमान घरातल्या. त्यांनी सांगितलं की मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही, हजेरीलाही नुसता हात वर करते. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शाळेत दर शनिवारी दुपारी एक ताई येतात, तिथे तुम्ही दोघं या. मला राग आला. माझ्या मुलीला काही झालेलं नाही, असं मी म्हणालो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिला नसेल झालं. तुम्ही तरी या."

पहिल्या दिवशी सगळे आपापलं सांगत होते. एका पॉवरलूमवाल्याची विधवा बोलता बोलता रडली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझ्या मुलीचा काहीच त्रास नाही. ताईंनी मान हलवली, पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी ताईंनी मुलांना चिठ्ठ्या दिल्या. मोठ्यांना जे विचारावंसं वाटतं ते लिहा, नाव घालू नका. मग एकेक चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचू लागल्या. चौथी की पाचवी चिठ्ठी होती: "मी पडघ्याला एकदाच ओरडले होते. म्हणून आई मेली का?"

चिठ्ठी कुणाची ते मला कळलं. मुलगी समोर सतरंजीवर बसून नखं कुरतडत होती. ताईंनी चिठ्ठी कुणाची ते विचारलं नाही. त्या सगळ्या मुलांना म्हणाल्या, कुणाच्या ओरडण्यानं, रडण्यानं, भांडण्यानं कुणी मरत नाही. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी जमिनीकडे बघत बसून राहिलो.

पुढचे चार दिवसही तसेच गेले. पाचव्या दिवशी तिची वेणी घालताना मी तिच्या पाठीमागून बोललो. तोंडाकडे बघून बोलायची हिंमत नव्हती. म्हणालो, आई तापानं गेली, तुझ्यामुळे नाही. मी तुला जे बोललो ते खोटं होतं.

तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मावशीनं पण ऐकलंय ते. तिला पण सांगा."

रविवारी आम्ही एसटीनं पडघ्याला गेलो. मेव्हणी भाकऱ्या थापत होती. चुलीजवळ उभा राहून मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचंसुद्धा. मुलगी माझा शर्ट धरून शेजारी उभी होती. मेव्हणीनं हात पुसले आणि तिला जवळ ओढलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मला पन तुमचं बोलनं पटलं न्हवतं. पन मी बोलली न्हाय." तिच्या कुशीत मुलगी रडायला लागली, मोठमोठ्यानं, हुंदके देत. तिला गप्प कर, असं मला मेव्हणीला म्हणावंसं वाटलं. इतकी सवय झाली होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता ती पाचवीत आहे. वर्गात बोलते, माझ्याशी भांडतेही. आईला नेताना मला का बोलावलं नाही, हे अधूनमधून विचारते. मी घाबरलो होतो, एवढंच सांगता येतं. ते तिला पुरत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. शनिवारी आम्ही अजून जातो. नवीन आलेल्या बापांशी ताई मला बोलायला सांगतात. मी त्यांना शाळेचं, अभ्यासाचं, जेवणाखाण्याचं सांगतो. ती चिठ्ठी माझ्या मुलीची होती, हे तिथे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.