शेरूच्या मालिशवाल्या मावशी

हात लावण्याआधी मावशी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायच्या आणि स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. ऊब पुरेशी वाटली की म्हणायच्या, "सोड आता अंग." तान्ह्या बाळालाही हेच, बाळंतिणीलाही हेच आणि पुढे आमच्या शेरूलाही हेच.

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीची असेल, सतत कुरकुरणारी पण वेळ न चुकवणारी.

शेरू आमचा म्हातारा कुत्रा. थंडी पडली की त्याच्या मागच्या पायांचे सांधे आखडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज हलक्या हाताने मालिश करायला सांगितलं. मी हात लावला की तो गुरगुरायचा. ऑफिसातून मी आधीच वैतागून आलेली असायचे, त्यात हे. एका रविवारी शेजारच्या बाळाला न्हाऊ घालून निघालेल्या मावशींनी फाटकातून ते पाहिलं.

"काहून एवढी दाबून राहिली वं त्याले? कणीक आहे का ते?" म्हणत त्या आत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तिळाचं तेल घेऊन आल्या. बाळांची सवय, दुसरं काय! शेरूने पाय चाटून चाटून सगळं तेल पोटात घातलं आणि मी संध्याकाळभर अंगण धूत बसले. तेव्हापासून मालिश कोरड्या हातांनी. सांध्यावर जोर न देता त्याच्या आजूबाजूला त्या सावकाश हात फिरवायच्या. शेरू डोळे मिटून पडून राहायचा. हळूहळू तो आपण होऊन पायरी उतरायला लागला.

मग शेजारच्या आजींना हे कळलं. कुत्र्याला लावलेले हात आमच्या बाळाला नकोत, एक काय ते ठरवा, असं त्यांनी मावशींना तोंडावर सांगितलं. मी घाबरले.

"मावशी, शेरूचं राहू द्या. तुमचं काम जाईल."

"लेकरासाठी दुसरी बाई भेटन वं. याच्यासाठी कोण येईन? तुले तर जमत नाही."

"अहो, पण बाकीची घरंही जातील."

"जाऊ दे. थकली मी बी."

आणि घरं गेलीच. शेजारी दुसरी बाई लागली. मावशी मात्र शेरूसाठी येत राहिल्या. मला फार अपराधी वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्या आल्या की हायसंही वाटायचं.

उन्हाळ्यात शेरू गेला. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. भिंतीपलीकडे शेजारचं बाळ नव्या बाईच्या हाताखाली जीव तोडून रडत होतं.

"घाई करून राहिली ते," मावशी पुटपुटल्या.

"मी बोलू का आजींशी? आता तर शेरूही नाही."

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी चहा ठेवला, तो निवून गेला. बाळाचा आवाज थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

"झोपलं," म्हणाल्या, आणि भिंतीला धरून उठल्या. त्यानंतर त्या आमच्या गल्लीत कधी दिसल्या नाहीत.