कॅसेटमध्ये फुंकू नका!

आमच्या यवतमाळच्या ऑफिसला लागूनच मागे कापसातली सरकी काढणारं जिनिंग होतं. हंगामात रुईचे तंतू खिडकीतून आत यायचे आणि पंख्याच्या पात्यांवर बसायचे. बसताना कुणाला दिसायचे नाहीत. उन्हाळ्यात पंखा लावला की एकदम सगळ्यांच्या डोक्यावर! किस्स्यांचंही तसंच. परवा कुणीतरी विचारलं, "तुमच्या पेपरच्या ऑफिसात म्हणे व्हिडिओ गेम होता?" लागला पंखा!

होता ना! कापसाच्या संकटाची वर्षं होती ती. खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग पार गावाबाहेर जायची आणि पुढारी सांगायचे, "रांगच नाही." मी रोज कुणाशी तरी भांडून यायचो. आमचे ब्युरो चीफ, म्हणजे साहेब, मला समोर बसवून विचारायचे, "राग राहू दे. आकडा पक्का आहे का?" आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापणारा माणूस. पुढाऱ्यांनी रोज खोटं बोलायचं आणि दुरुस्ती आम्ही छापायची! यावरूनही मी भांडलो. दुरुस्ती छापून आलीच.

साहेबांच्या मुलीनं, मिनूनं, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती बंगलोरला गेली. बापलेकीचं बोलणं बंद. आठवड्याभरात साहेब तिचा व्हिडिओ गेम आणि घरातला जुना टीव्ही रिक्षात घालून ऑफिसात घेऊन आले. म्हणाले, "घरी धूळ खातोय."

धूळ चुकवायला जिनिंगच्या शेजारी!

गेम मोटारींच्या शर्यतीचा. कॅसेटच्या पोटात एक बारकी बॅटरी असायची. तिच्या जोरावर सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचं नाव आणि गुणांचा आकडा पडद्यावर टिकून राहायचा. ते नाव मिनूचं. साहेब स्वतः कधी खेळले नाहीत. सकाळी यायचे, गेम लावायचे, ते नाव उमटेपर्यंत उभे राहायचे, आणि बंद करून कामाला लागायचे.

*

टायपिंग करणाऱ्या कलाताईंनी गेमला लगेच कव्हर शिवलं. निळं सॅटिन, झालर, मधोमध मोर. आमच्या फोनला, कम्प्युटरला, फॅक्सला, सगळ्याला त्यांनी शिवलेली कव्हरं होतीच. पण हे कव्हर गेम चालू असतानाही त्या काढू द्यायच्या नाहीत. एक दिवस जळका वास सुटला. आमचा फोटोग्राफर राठोड, दिग्रसकडच्या तांड्यावरचा गडी, त्यानं धावत जाऊन कव्हर ओढलं. यंत्र तव्यासारखं तापलेलं!

"ताई, वरची भोकं हवेसाठी हायेत! श्वास घेऊ द्या न त्याले!"

"अन् त्या भोकातून रुई गेली म्हंजे? तू काढून देशीन का?"

दोघंही बरोबर होते. शेवटी ताईंनी मच्छरदाणीच्या कापडाचं नवं कव्हर शिवलं. हवा आत, रुई बाहेर. मोर मात्र तसाच ठेवला!

*

पिंपळकर हा आमचा वणीचा वार्ताहर. एसटीतून उतरायचा तेव्हा कॉलरवर राजूरच्या कोळसा खाणीची काळी भुकटी आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. गेम चालू झाला नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकायचं, हे ज्ञान त्याला कुठून मिळालं होतं कोण जाणे. एकदा साहेबांच्या देखतच त्यानं कॅसेट उचलली आणि खर्ऱ्यासकट जोरदार फुंकर मारली.

साहेब ओरडले, "अरे, चूल आहे का ती!"

"मले वाटलं कचरा असंन आत."

"नव्हता! आता आहे!"

त्याच दिवशी साहेबांच्या अक्षरात भिंतीवर पाटी लागली: 'कॅसेटमध्ये फुंकू नका. चालू असताना कॅसेट काढू नका. यंत्रावर चहा ठेवू नका.' पिंपळकरनं खाली पेनानं लिहिलं: 'मंग खेळाव कवा?'

*

तेव्हा मुंबई-दिल्लीचे पत्रकार कापूस बघायला यायचे. सकाळी उतरायचे, दुपारी एक शेत बघायचे आणि संध्याकाळी आम्हालाच शेती समजावून सांगायचे! अशाच एका पाहुण्याला गेम दिसला. गेम मिनूच्या मामानं अमेरिकेतून पाठवलेला, त्यामुळे आपली वीज त्याला झेपायची नाही. मधे दाब कमी करणारा एक जड डबा लागायचा. पाहुणे म्हणाले, "हे मधलं कशाला?" आणि वायर थेट भिंतीत खुपसली.

फट्!

मी म्हणालो, "तुमच्या बातम्यांचंही असंच! मधलं काही समजून घ्यायचं नाही, थेट खुपसायचं!"

साहेबांनी मला खोलीबाहेर काढलं. पाहुणे गेल्यावर स्वतः चहा घेऊन बाहेर आले. म्हणाले, "वाक्य चांगलं होतं."

नशिबानं फक्त गेमच्या वायरीचा अडॅप्टर जळाला होता. राठोडनं लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यातल्या मित्राकडून दुसरा बनवून आणला. विटेएवढा होता, पण चालला!

*

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. पेन, कॅमेरे, कम्प्युटर, माझी मोटारसायकल. साहेब मीटिंगला नागपूरला गेले होते. कलाताई म्हणाल्या, "गेमनं काय पाप केलं?" त्यांनी गेमलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि त्याच्या समोर नारळ फोडला. पाणी थेट कॅसेटच्या खाचेत! गेम तेव्हा चालू. घाबरून त्यांनी चालू यंत्रातूनच कॅसेट उपटली.

पुसलं, वाळवलं, पुन्हा लावलं. मोटारी धावल्या. पण मिनूचं नाव पुसलं गेलं होतं. त्या जागी नुसती शून्यं.

ताईंना रडू फुटलं. "साहेबाले काय सांगू आता? पोरीचं तेवढंच तं ठेवलं होतं त्यायनं!"

राठोड म्हणाला, "तिचा आकडा किती होता, ते सांगा."

कुणालाच आठवेना! रांगेतल्या गाड्या मोजणारे आम्ही पत्रकार, रोज डोळ्यांसमोर असलेला तो आकडा एकालाही सांगता येईना.

दसऱ्याची सुट्टी लागली. राठोडनं माझ्याकडून ऑफिसची किल्ली मागून घेतली. कशाला हवी, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुट्टीनंतर साहेब आले. कव्हर काढलं, गेम लावला. मिनूचं नाव आलं. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ उभे राहिले असतील. मग बंद करून म्हणाले, "यंत्राला कुंकू कुणी लावलं? पुसून घ्या."

*

दोनेक वर्षांनी, दिवाळीच्या आधी, मिनू ऑफिसच्या दारात उभी राहिली. घरी न जाता आधी इथे. साहेब माझी बातमी तपासत होते. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. कलाताई पाणी आणायला पळाल्या.

मिनूला कोपऱ्यातला टीव्ही दिसला. तिनं मोराचं कव्हर उचललं, गेम लावला आणि नाव उमटल्यावर वाकून बघत राहिली.

"बाबा, हे माझं नाव आहे. पण हा आकडा माझा नाही. मला एवढं कधी जमलंच नव्हतं."

राठोड एकदम कॅमेऱ्याची लेन्स पुसू लागला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "दुरुस्ती छापायची नाही. बस."